कार्ल बालिंग

कार्ल योझेफ नापोलेऑन बालिंग (चेक उच्चार : कारेल योसेफ नापोलेऑन बालिंग, जन्म : २१ एप्रिल १८०५, मृत्यू : १७ मार्च १८६८, प्राग) हे बोहेमियातील रसायनशास्त्रज्ञ, प्राग पॉलिटेक्निकमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि किण्वन-रसायनाच्या आद्य अभ्यासकांपैकी एक होते. द्रावणात वजनाने शेकडा किती साखर आहे हे दाखवणारा शर्करामापी आणि त्यावरील ‘बालिंग अंश’ ही त्यांची सर्वाधिक परिचित देणगी होय. साखर कारखान्यांत व द्राक्षबागांत वापरला जाणारा ‘ब्रिक्स’ आणि बिअर उद्योगातील ‘प्लेटो’ ही दोन्ही मापे बालिंग यांच्याच कोष्टकांच्या सुधारित आवृत्त्या आहेत. धान्यातून प्रत्यक्षात किती अर्क उतरला, त्यातील किती आंबला आणि किती मद्यार्क तयार झाला, या तिन्ही गोष्टी एकाच साध्या काचेच्या उपकरणाच्या आधारे मोजण्याची रीत त्यांनी घालून दिली. त्यामुळे मोठ्या कारखान्याप्रमाणेच एका भांड्यावर काम करणाऱ्यालाही आपले नुकसान नेमके कोठे होते हे कळू लागले.

जन्म व शिक्षण

बालिंग यांचा जन्म बोहेमियाच्या उत्तर सीमेवरील क्रुश्ने होरी पर्वतराजीतील गाब्रिएलिना हुत्य या वस्तीत झाला. नावातील ‘हुत्य’ या चेक शब्दाचा अर्थ धातू गाळण्याची भट्टी असा आहे. हा प्रदेश त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होता आणि खाणी व लोखंडाच्या भट्ट्यांसाठी ओळखला जात असे. आज तो चेक प्रजासत्ताकात मोडतो.

उच्च शिक्षणासाठी ते प्राग पॉलिटेक्निकमध्ये आले. १७०७ च्या राजाज्ञेने सुरू झालेल्या जुन्या अभियांत्रिकी शाळेची फ्रान्टिशेक योसेफ गेर्स्टनर यांनी १८०६ मध्ये पुनर्रचना केली व तिला पॉलिटेक्निकचे रूप दिले. शास्त्र हे कारागिरांच्या व उद्योगांच्या उपयोगी पडले पाहिजे, हा या संस्थेचा पाया होता. बालिंग यांच्या पुढील संशोधनाची दिशा पाहता संस्थेचे हे वळण त्यांनी पुरतेपणी आत्मसात केले होते असे दिसते.

प्राग पॉलिटेक्निकमधील कारकीर्द

शिक्षणानंतर बालिंग त्याच संस्थेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक योझेफ स्टाइनमान यांचे सहायक झाले. १८३३ मध्ये स्टाइनमान यांचे निधन झाले आणि १८३५ मध्ये बालिंग यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. अखेरपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र प्राग हेच राहिले. बिअर, वाइन, ऊर्ध्वपातित मद्य, यीस्ट व बीटची साखर या व्यवसायांतील रासायनिक प्रश्न हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होते. त्यांचे पुत्र कार्ल आल्बर्ट माक्स बालिंग (१८३५–१८९६) हे पुढे धातुशास्त्राचे प्राध्यापक म्हणून प्रसिद्धीस आले.

पार्श्वभूमी

बिअर तयार करण्यासाठी बार्लीला मोड आणून ती वाळवतात. या मोड आलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठराविक वेळ मुरवले की त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. वरचा गोड अर्क गाळून घेतात. त्याला वर्ट असे नाव आहे. वर्ट हॉप या वेलीच्या फुलांसह उकळून, थंड करून त्यात यीस्ट मिसळले की किण्वन सुरू होते.

बालिंग यांच्या पूर्वी ही सारी प्रक्रिया अनुभवाच्या जोरावर चालत असे. आपल्याकडे गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतील पाकाची तार पाहून गूळ उतरवण्याची वेळ ठरवतो, त्याप्रमाणे तेथील कारागीर वर्टचा दाटपणा बोटांच्या चिकटपणावरून व चवीवरून ठरवीत. कसबी माणसाच्या हाती हे ज्ञान खरे असे. मात्र ते दुसऱ्याला आकड्यांत सांगता येत नसे, आणि एका हंगामाची तुलना दुसऱ्या हंगामाशी करता येत नसे. चोथ्याबरोबर किती साखर वाया गेली, हे तर कोणालाच सांगता येत नव्हते.

इंग्लंडमध्ये मायकेल कॉम्ब्रुन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास या कामात तापमापकाचा पुरस्कार केला होता. हल शहरातील जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये ग्रंथ लिहून घनता मोजण्याचे महत्त्व पटवले. त्यांच्या मापाचे एकक मात्र इंग्रजी पिंपाच्या वजनाशी बांधलेले होते. बोहेमियात फ्रान्टिशेक ओन्द्रेय पोऊपे यांनी तापमापक व घनतामापी मद्यशाळेत आणले; बालिंग यांचा जन्म झाला त्याच वर्षी, १८०५ मध्ये, पोऊपे यांचे निधन झाले. १८३३ मध्ये पायें व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला व त्याला डायास्टेज हे नाव दिले. अशा रीतीने उपकरणे हाती होती आणि रसायनही उलगडत चालले होते. पण त्या दोहोंना जोडणारे व सर्वांना समजेल असे माप अद्याप नव्हते.

शर्करामापी आणि बालिंग अंश

बालिंग यांनी उसाच्या शुद्ध साखरेची निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे वजन करून तयार केली आणि प्रत्येकाची घनता काळजीपूर्वक मोजली. त्यावरून त्यांनी कोष्टके तयार केली व १८४३ च्या सुमारास आपला शर्करामापी प्रचारात आणला. त्यासाठी १७.५ अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरवण्यात आले होते.

हे उपकरण म्हणजे तळाशी वजन असलेली काचेची पोकळ नळी. उंच भांड्यातील द्रवात ती उभी तरंगते. द्रव जितका दाट, तितकी ती वर राहते. दूधसंकलन केंद्रावरील लॅक्टोमीटर याच तत्त्वावर चालतो. बालिंग यांचे वैशिष्ट्य अंशांकनात होते. त्यांच्या नळीवरील एक अंश म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर. त्यामुळे १२ अंशांचा वर्ट म्हणजे वजनाने शेकडा १२ भाग अर्क असलेला द्रव, हे पाहताक्षणी समजते. पाण्याच्या तुलनेत त्याची घनता सुमारे १.०४८ भरते.

वर्टमध्ये मुख्यतः उसाची साखर नसते. माल्टोज, डेक्स्ट्रिन, प्रथिने व क्षार असतात. तरीही या पदार्थांमुळे घनतेत होणारी वाढ साखरेच्या द्रावणाशी पुष्कळशी जुळते, म्हणून व्यवहारात हे माप उपयोगी ठरले. वाचन करताना द्रवाचे तापमान प्रमाण तापमानाइतके असणे किंवा फरकाची दुरुस्ती करणे आवश्यक असते. गरम वर्टची घनता कमी भरते व अर्क आहे त्याहून कमी दिसतो. आंबलेल्या द्रवातील वायूचे बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात, म्हणून नमुना आधी हलवून वायू काढून टाकावा लागतो.

क्षीणनाचा सिद्धांत

किण्वन होत असताना वर्टची घनता घटत जाते. या घटीला क्षीणन म्हणतात. घनता किती घटली यावरून किती साखर आंबली हे कळावे, अशी अपेक्षा असते. परंतु येथे एक अडचण आहे. साखर कमी झाल्याने घनता उतरते, तशीच पाण्याहून हलका मद्यार्क तयार झाल्यानेही ती उतरते. त्यामुळे शर्करामापी उरलेला अर्क प्रत्यक्षाहून कमी दाखवतो.

बालिंग यांनी ‘दिसणारा’ आणि ‘खरा’ अर्क यांत स्पष्ट भेद केला. खरा अर्क काढण्यासाठी बिअरचा वजन केलेला नमुना उकळून मद्यार्क उडवून द्यायचा, गेलेल्या वजनाइतके पाणी पुन्हा घालायचे आणि मग वाचन घ्यायचे. अशा असंख्य मोजणींतून या दोन आकड्यांमधील संबंध स्थिर आहे असे त्यांना आढळले.

त्यांचा सर्वांत टिकाऊ निष्कर्ष किण्वनातील पदार्थांच्या हिशेबाविषयी आहे. त्यानुसार २.०६६५ ग्रॅम अर्क आंबला की १ ग्रॅम मद्यार्क, ०.९५६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११ ग्रॅम नवे यीस्ट तयार होते. यातील मद्यार्क व वायूचे प्रमाण गे-ल्युसॅक यांच्या समीकरणाशी जुळणारे आहे. यीस्टच्या वाढीसाठी खर्च होणारा अंश हिशेबात धरणे ही बालिंग यांची भर होय. या सूत्रामुळे तयार बिअरवरून ती मुळात किती अंशांच्या वर्टपासून बनली होती, हे उलट गणित करून काढता येऊ लागले. उदाहरणार्थ, १२ अंशांचा वर्ट आंबून नळीवर ३ अंश दिसू लागले, तर खरा अर्क सुमारे ४.६ टक्के आणि मद्यार्क वजनाने सुमारे ३.८ टक्के असतो.

ग्रंथलेखन

बालिंग यांचा प्रमुख ग्रंथ ‘डी गेरुंगखेमी’ (किण्वन-रसायन) १८४५ ते १८४७ या काळात प्रागमध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. वाइन, बिअर, ऊर्ध्वपातित मद्य व यीस्ट-उत्पादन या व्यवसायांना किण्वनाचे शास्त्र कसे लागू पडते, याचे विवेचन त्यात आहे. ग्रंथाच्या पुढील आवृत्त्याही निघाल्या. १८४२ मध्ये प्लझेन येथे योझेफ ग्रोल यांनी फिकट सोनेरी रंगाची बिअर प्रथम तयार केली आणि तिचे अनुकरण युरोपभर होऊ लागले. बोहेमियात या व्यवसायाला असे नवे वळण लागत असतानाच बालिंग यांचे माप व ग्रंथ तेथील व्यावसायिकांच्या हाती आले.

अर्काचा उतारा

साखर कारखानदारीत उसाच्या वजनाच्या मानाने मिळालेल्या साखरेला ‘उतारा’ म्हणतात. बालिंग अंशांमुळे धान्याचाही असाच उतारा काढता येऊ लागला. वर्टचे वजन आणि त्याचे अंश यांचा गुणाकार केला की अर्काचे वजन मिळते. त्याला माल्टमधून मिळू शकणाऱ्या कमाल अर्काने भागले की कार्यक्षमता कळते.

समजा, ५ किलो माल्ट घेतले आणि त्याचा कमाल अर्क ८० टक्के, म्हणजे ४ किलो आहे. त्यातून १२ अंशांचा २० लिटर वर्ट मिळाला. त्याचे वजन सुमारे २१ किलो व त्यातील अर्क सुमारे २.५ किलो भरतो. कार्यक्षमता सुमारे ६३ टक्के झाली. जवळजवळ दीड किलो अर्क कोठेतरी राहिला. तेवढ्याच माल्टमधून तेवढाच वर्ट १४.५ अंशांचा उतरला, तर कार्यक्षमता ७७ टक्क्यांवर जाते.

तूट कोठे आली हेही याच मापाने शोधता येते. वरील ५ किलो माल्ट १५ लिटर पाण्यात मुरवले आणि सर्व पिष्टाची साखर झाली, तर ४ किलो अर्क १९ किलो द्रावणात असेल. म्हणजे धुण्याचे पाणी घालण्यापूर्वीचा पहिला वर्ट सुमारे २१ अंशांचा हवा. तो १७ अंशांचाच निघाला, तर पिष्टाचे रूपांतर अपुरे झाले आहे असे समजावे. भरड जाड असणे, तापमान चुकणे, गुठळ्या राहणे किंवा वेळ कमी पडणे ही त्याची नेहमीची कारणे असतात. माल्टमधील विकरे साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअस या पट्ट्यात उत्तम काम करतात. रूपांतर पूर्ण झाले की नाही हे आयोडीनच्या थेंबानेही कळते. पिष्ट शिल्लक असेल तर नमुना निळा-काळा होतो.

पहिला वर्ट २१ अंशांचा असूनही शेवटचा उतारा कमी आला, तर साखर चोथ्यात अडकली आहे. एक किलो धान्य सुमारे एक लिटर द्रव धरून ठेवते. म्हणजे ५ किलोच्या चोथ्यात ५ लिटर दाट वर्ट राहतो आणि त्यात १ किलोहून अधिक अर्क असतो. चोथा गरम पाण्याने धुण्याचे कारण हेच आहे. धुण्याचे सर्व पाणी एकदम ओतण्यापेक्षा त्याचे दोन भाग करून दोनदा धुतल्यास अधिक साखर निघते. धुवणाचा वर्ट २ अंशांच्या आसपास आला की थांबतात. त्यापुढे साखरेऐवजी टरफलातील तुरट द्रव्ये उतरू लागतात.

लहान प्रमाणावरील उपयोग

बोहेमियातील जुन्या पद्धतीत भिजवलेल्या माल्टचा एक भाग वेगळा काढून उकळत आणि परत मूळ भांड्यात ओतून सर्वांचे तापमान वाढवत. अपुऱ्या साधनांतून निघालेली ही युक्ती तापमापकाशिवायही चालत असे. बालिंग यांच्या शर्करामापीने अशा कमी साधनांच्या कामालाही हिशेबाची जोड दिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही देशांत घरगुती बिअर बनवण्यास कायद्याने मोकळीक मिळाली. ब्रिटनमध्ये १९६३ साली परवान्याची अट गेली. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याविषयी कायदा झाला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एकाच भांड्यात आणि कापडी पिशवीत माल्ट मुरवण्याची पद्धत अशा हौशी मंडळींत रूढ झाली. तिच्यात धुण्यासाठी वेगळे पात्र नसते. म्हणून सर्व पाणी आरंभीच घालतात. वरील ५ किलो माल्टला १५ ऐवजी २५ लिटर पाणी घेतले, तर वर्ट सुमारे १४ अंशांचा होतो आणि चोथ्यात अडकणारा अर्क सुमारे पाऊण किलोवर येतो. पिशवी पिळून काढल्यास तो आणखी घटतो. शिवाय भरड थोडी बारीक करता येते. कारण गाळणीचे काम धान्याच्या टरफलांऐवजी कापड करते. जागा व साधने वाढवण्यापूर्वी भरड, तापमान आणि पाण्याचे प्रमाण यांकडे पाहावे, असे हे गणित सुचवते.

महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही.

मर्यादा व पुढील सुधारणा

बालिंग यांच्या कोष्टकांत अचूकतेच्या दृष्टीने काही उणिवा होत्या. जर्मन गणितज्ञ व अभियंते आडोल्फ ब्रिक्स (१७९८–१८७०) यांनी १८५० च्या दशकात ती कोष्टके पुन्हा मोजून सुधारली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ प्लेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये आणखी सूक्ष्म मोजणी केली व २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले. तिन्ही मापांची व्याख्या एकच आहे. फरक दशांशापुढील आकड्यांत पडतो.

किण्वन घडवून आणणारे यीस्ट सजीव आहे की नाही, हा वाद बालिंग यांच्या हयातीत चालू होता. लुई पाश्चर यांनी १८५७ पासून केलेल्या कार्याने यीस्टच्या सजीवतेला भक्कम आधार दिला. एडुआर्ड बुखनर यांनी पेशीबाहेरील किण्वन १८९७ मध्ये दाखवले. किण्वनाच्या कारणांविषयीचे मत अशा प्रकारे बदलत गेले, तरी त्यातील वजनांचा बालिंग यांनी मांडलेला ताळेबंद आजही प्रयोगशाळांत वापरला जातो.

साखर उद्योग आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रात बालिंग यांचे नाव फारसे परिचित नाही. त्यांच्या मापाचे ‘ब्रिक्स’ हे रूप मात्र शेतकऱ्यांच्या नित्य बोलण्यात आहे. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्यापासून पुढे उभ्या राहिलेल्या सर्व कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रसाचा ब्रिक्स मोजला जातो. शिरूर अनंतपाळ, निलंगा व लातूर या तालुक्यांसह मांजरा खोऱ्यातील ऊस तोडणीस आला की नाही, हे ठरवताना हातातील रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून पाहतात. हे उपकरण घनतेऐवजी प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालते. पण त्यावरील अंश बालिंग यांच्याच व्याख्येचे, म्हणजे शंभर भाग रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे भाग दाखवणारे आहेत. ब्रिक्समध्ये साखरेबरोबर इतर विद्राव्य पदार्थही मोजले जातात. म्हणून कारखान्यात साखरेचे प्रमाण ‘पोल’ या मापाने वेगळे काढतात व दोहोंच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरवतात. नाशिक व सांगली भागातील द्राक्षबागायतदारही घडांची गोडी ब्रिक्समध्येच सांगतात.

मृत्यू व वारसा

१७ मार्च १८६८ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी बालिंग यांचे प्राग येथे निधन झाले.

चेक प्रजासत्ताकात आजही ग्राहक ‘दहा’ किंवा ‘बारा’ असे म्हणून बिअर मागतात. हे आकडे मद्यार्काचे नसून मूळ वर्टच्या अंशांचे आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया व चेक प्रजासत्ताक या देशांत बिअरवरील कर वर्टच्या प्लेटो अंशांनुसार आकारला जातो. मूळ वर्ट, खरा अर्क आणि मद्यार्क यांना जोडणारे सूत्र जगभर ‘बालिंग सूत्र’ या नावाने ओळखले जाते.